पुस्तकाबाहेरचा दांडा

गंगापूर रोडवर त्या काळात ज्यांनी बंगले बांधले, त्यांतल्या निम्म्यांनी गॅरेजही बांधलं. आणि गॅरेज बांधणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी मोटार कधी आलीच नाही. त्या गॅरेजांचं पुढे काय झालं हे मला पाठ आहे. एकात शिकवणी, एकात पापडांचा उद्योग, दोनांत भाडेकरू, एकात जुन्या सायकली आणि सासरे. आमच्या शेजारच्या गर्गेसाहेबांच्या गॅरेजात मात्र ऐंशी सालच्या फेब्रुवारीत खरोखरच चार चाकांची वस्तू आली. बैलगाडीत बसून आली.

शरच्चंद्र गर्गे सातपूरच्या आमच्या कारखान्यात इन्स्पेक्शनचे प्रमुख होते, आणि मी तिथलाच स्टोअरकीपर. आलेला माल मी मोजायचा आणि झालेला माल त्यांनी नाकारायचा, अशी आमची कामाची वाटणी. त्यांच्या टेबलावर लाल रंगाची एक डबी आणि एक बारीक ब्रश असे. ड्रॉइंगपेक्षा केसभर जाड किंवा केसभर बारीक निघालेल्या नगावर ते हलकेच एक टिपका द्यायचे. टिपका पडला की तो नग भंगारात. ऑपरेटर लोक पाठीमागे त्यांना 'करंडा' म्हणत. समोर कोणी काहीच म्हणत नसे. कारण समोर बोलणाऱ्याचा पुढचा नग साहेब भिंगाखाली धरत, आणि भिंगाखाली धरल्यावर कुणाच्याही कामात काहीतरी सापडतंच.

"ड्रॉइंगवर आहे का? नाही ना? मग ते नाही." हे त्यांचं वाक्य. अनसूयाबाईंनी एकदा उपम्यात मटार घातले तेव्हा हेच वाक्य म्हणून त्यांनी मटार बाजूला काढून ठेवले होते, असं अनसूयाबाईच सांगत. मोजून एकवीस.

आलेली वस्तू म्हणजे बागेतला ट्रॅक्टर. मोठ्या ट्रॅक्टरचं बाळ म्हणावं एवढा. मागचं चाक माझ्या मांडीला लागेल इतकंच. एका पारशी बाईंनी त्र्यंबक रस्त्याकडच्या आपल्या गुलाबांच्या बागेसाठी तो परदेशातून मागवला होता. बाई नाशिक सोडून गेल्या तेव्हा जाताना तो त्यांच्या माळ्याला, सावळीरामला, देऊन गेल्या. सावळीरामची गंगापूर गावात एकरभर द्राक्षबाग होती. वेलींच्या दोन ओळींमध्ये मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, आणि बैल घातले तर ते शिंगांनी फुटवे मोडतात आणि तोंडाने खातात. हा लहानगा मात्र मांडवाखालून सुळकन जायचा. सावळीराम वारला, त्याच वर्षी इंजिनही जाम झालं. तीन वर्षं ट्रॅक्टर गोठ्यात कोंबड्या सांभाळत बसला.

हे सगळं आम्हाला देवरामकडून कळलं. देवराम हा सावळीरामचा मुलगा, आमच्याकडे दुसऱ्या पाळीला लेथवर. कँटीनमध्ये तो सहज बोलून गेला, आणि गर्गेसाहेबांचा चहा हातातच राहिला.

"इंजिन कुठलं आहे?"

"मला काय कळतंय साहेब? पेट्रोलवर चालू व्हतं, मंग रॉकेलवर पळतं. पुस्तक हाय त्याचं, डब्यात."

"पुस्तक आहे?" साहेब उठून उभेच राहिले. "पुस्तक आहे म्हणजे झालंच. माझ्या गॅरेजात आणून टाक. मी करतो. मला काही नको. फक्त एक. काम चालू असताना मध्ये कोणी बोलायचं नाही."

"नाय बोलनार साहेब."

देवरामने हा शब्द किती पाळला ते पुढे येईलच.

बाग खरं तर देवरामच्या थोरल्या बहिणीच्या जिवावर चालली होती. चंद्रभागा तिचं नाव. लग्न झालेलं नव्हतं, वय पस्तिशीचं. अर्धी बाग बापाने तिच्या नावावर केली होती. पण ट्रॅक्टर बंद पडल्यापासून भाड्याच्या बैलांवर काम चालायचं आणि बाग खालावत चालली होती. देवरामला सातपूरला कारखान्याजवळ खोली घेऊन राहायचं होतं. शेजारचा गोरक्ष बाग बटाईने करायला टपलेलाच होता. तसं झालं की आक्का देवरामच्या खोलीवर येणार, स्वयंपाक बघणार, पोरं बघणार. आक्काला ते मरणाहून वाईट वाटत होतं. तिने भावाकडून मुदत मागून घेतली होती: ट्रॅक्टर सुरू झाला तर बाग तिची, नाहीतर एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबर छाटणीआधी गोरक्षची.

"म्हणजे तुझ्या आक्काची सगळी भिस्त आमच्या साहेबांवर," मी देवरामला म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. आनंदाने म्हणाला की कसा, ते तेव्हा मला कळलं नाही.

ट्रॅक्टर चालवणार कोण, हे आम्ही विचारलं नाही. देवराम चालवणार असं धरून चाललो. बाई ट्रॅक्टर चालवत असेल, हे साहेबांच्या ड्रॉइंगवर नव्हतं आणि माझ्या यादीतही नव्हतं.

साहेबांनी आधी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. मग दर रविवारी सकाळी आठला गॅरेजचं दार उघडायचं आणि एकला बंद व्हायचं, असा क्रम सुरू झाला. माझं काम यादीचं. सुटलेला प्रत्येक भाग पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघायचा, चिठ्ठी बांधायची, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. चारशे बारा नग निघाले. त्यांतले चारशे नऊ पुस्तकात होते.

उरलेले तीन असे. एक, डाव्या हाताला बसवलेला लांब लोखंडी दांडा. हापशाचा असावा, खालून सळईने क्लचच्या पेडलला जोडलेला, आणि त्याच्या बुडाशी एक पट्टी, पट्टीत कानशीने घासलेली वेडीवाकडी खाच. दोन, सीटच्या डाव्या अंगाला खिळे मारून बसवलेली लाकडी फळी. तीन, डाव्या पायाशी वाकवून जोडलेला लोखंडी पट्टा, खोगिराच्या रिकिबीसारखा.

साहेबांनी दांडा हातात घेतला, खाच भिंगाखाली धरली आणि ते हसले. "हे बघा. गावठी उद्योग. पायाने दाबायचा क्लच, त्याला हा लटका कशाला? खाच बघा, उंदराने कुरतडल्यासारखी."

अनसूयाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी दांड्याच्या मुठीवरून बोट फिरवलं. "अगं बाई, किती गुळगुळीत झालाय. माझ्या लाटण्यासारखा. कुणाचा तरी रोजचा हात आहे हो यावर."

"ड्रॉइंगवर आहे का?" साहेब म्हणाले.

"मटारही नव्हते," असं म्हणून बाई कपबशा गोळा करून गेल्या.

देवराम त्या दिवशी तिथेच होता. उंबऱ्यात उकिडवा बसून बिडी ओढत होता. तिन्ही नगांवर लाल टिपके पडले तेव्हा त्याने बिडी विझवली, तोंड उघडलं, साहेबांकडे बघितलं आणि परत मिटलं. मी यादीत लिहिलं: 'गावठी जोड, तीन नग. बाद.' पुढच्या आठवड्यात ते तिन्ही कारखान्याच्या भंगारासोबत गेले.

त्यानंतरचे महिने इंजिनाचे. पिस्टन सिलिंडरमध्ये असा अडकला होता की जणू तिथेच जन्मला. साहेबांनी वरून रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं, आणि दर रविवारी लाकडी ठोकळा ठेवून वर हातोडीचे हलके ठोके. मोजून दहा. मी एकदा अकरावा मारला तर म्हणाले, "घाई कसली? त्याला तीन वर्षं लागली अडकायला." सातव्या रविवारी पिस्टन अर्धा इंच सरकला. साहेबांनी अनसूयाबाईंना हाक मारून दाखवला. अर्धा इंच काय बघायचा, हे त्यांना कळलं नाही, पण त्यांनी साहेबांचा चेहरा बघितला आणि त्या दिवशी शिरा केला.

रिंगा सातपूरच्या एका वर्कशॉपात दुसऱ्या इंजिनाच्या घासून बसवल्या. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला नवी तार गुंडाळली. गॅस्केटं जाड पुठ्ठ्यातून कातरीने कापली; त्यात साहेबांच्या भाचीच्या लग्नपत्रिकांचा उरलेला गठ्ठा कामी आला. त्यामुळे त्या इंजिनाच्या पोटात आजही कुठेतरी 'सहकुटुंब उपस्थित राहावे' असं छापलेलं असेल. शेवटी रंग. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ट्रॅक्टर पोपटी होता, तर तोच पोपटी मिळेपर्यंत साहेबांनी चार डबे परत केले.

एक्क्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये इंजिन सुरू झालं. आधी शिंकलं, मग खोकलं, मग धडधडू लागलं. अनसूयाबाईंची वाळत घातलेली दोन लुगडी आणि शेजाऱ्यांचं एक धोतर काळं झालं. तेवीस माणसं बघायला जमली. साहेबांनी स्वतः पाय दाबून क्लच टाकला, गिअर घातला आणि ट्रॅक्टर गॅरेजच्या दारापर्यंत आणून परत मागे नेला. ते खाली उतरले. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, परत घातला, परत काढून पुसला. इतकी वर्षं ते दुसऱ्याचं काम नाकारत आले होते. स्वतःच्या हाताने काही केलेलं आणि ते पास झालेलं, असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

"दसऱ्याला देऊ," ते म्हणाले. "पूजा करून. देवराम, तुझ्या बहिणीला आण."

दसऱ्याला सकाळी ट्रॅक्टर अंगणात उभा होता. झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं, पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं. वाहन लिंबं चिरडून पुढे गेलं की पूजा पुरी. देवराम बैलगाडीतून बहिणीला घेऊन आला. ती काठी टेकत उतरली, तेव्हा आम्ही पहिल्यांदा पाहिलं. तिचा डावा पाय लहानपणीच वारं गेलेला, मनगटाएवढा बारीक. पण वरचं शरीर गड्यासारखं, आणि नजर सरळ.

ती ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून आली. पोपटी रंगावरून हात फिरवला. "बापानं बघाय पायजे व्हतं," म्हणाली. साहेब मान खाली घालून हसले. मग ती उजवीकडून, काठी खाली टाकून, दोन हातांच्या जोरावर अशी झटक्यात वर चढून बसली की अनसूयाबाईंच्या हातातलं तबक हललं. बसली ती डावीकडे कलंडली. सावरली. आणि तिचा डावा हात बाजूला गेला, हवेत मिटला, परत उघडला.

"दांडा कुठंय?"

देवराम दोन पावलं मागे सरकला.

"माझा दांडा. क्लचचा. कुठं ठिवला?"

"बाई," साहेब म्हणाले, "तो मूळचा नव्हता. आता अगदी पुस्तकाप्रमाणे केलाय. डाव्या पायाने पेडल दाबा."

तिने दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला, आणि बाजारातली पिशवी ठेवावी तसा पेडलवर ठेवला. पाय तिथे राहिला. पेडल हललं नाही. तिने तो तसाच उचलून परत खाली ठेवला.

"साहेब, पुस्तक ल्हिणाऱ्याला दोन पाय व्हते," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा मी कारखान्यात सतरा वर्षं पाहिला होता. नाकारणारा चेहरा. नाकारला गेलेला कसा दिसतो, ते तेव्हा पाहिलं.

"आक्के, उतर आता," देवराम म्हणाला. "मी नेतो चालवत. लिंबं चिरडून घेऊ."

"तू नेशील, आन् मंग? रोज शिफ्ट सोडून बागेत येशील?" ती भावाकडे वळली. "का रे देवा, तुला दिसला नाय दांडा काढताना? का दिसला?"

"साहेबांनी सांगितलं व्हतं, मधी बोलायचं नाय."

"दीड वरीस?"

 गोरक्षला कोजागरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पाच दिवस. ती उतरली, काठी घेतली, आणि लिंबं तशीच चाकांखाली राहिली.

त्या दुपारी मी देवरामला आमच्या फाटकाशी गाठलं. "खरं सांग. भीती होती की सोय होती?"

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "पयल्या दिवशी भीती व्हती. साहेब माझं नग रिजेट करत्यात, घरी पोरं हायती. मंग हप्त्या-हप्त्यानं सोय वाटाया लागली. आठ तास लेथवर, वर बागेला पाणी, फवारनी. मी बी मानूसच हाय की. दोनी खरं हाय."

 हिशेब मांडायचा तर साहेबांनी विचारलं नाही, देवराम बोलला नाही, आणि 'बाद' हा शब्द माझ्या हस्ताक्षरात होता. अनसूयाबाईंनी मूठ पाहून बरोबर ओळखलं होतं, पण त्यांचं म्हणणं आम्ही चहाबरोबर पिऊन टाकलं. बापाने पोरीसाठी बसून बसून केलेल्या तीन वस्तू चार शहाण्या माणसांच्या डोळ्यांदेखत भंगारात गेल्या होत्या.

मी भंगारवाल्याकडे गेलो. तो हसला. दीड वर्षापूर्वीचं लोखंड आता कुणाच्या तरी खिडकीचे गज झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गर्गेसाहेबांनी रजा टाकली. अकरा वर्षांतली पहिली. सकाळीच टांगा करून ते गंगापूर गावी गेले आणि चंद्रभागाला घेऊन आले. वाटेत काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. पण टांग्यातून उतरताना ती म्हणत होती, "माफी बिफी ऱ्हाऊ द्या साहेब, तुमी आधी पान्हा घ्या."

"जुन्या दांड्याची मापं कोणाला आठवतात?" साहेबांनी गॅरेजात पट्टी, व्हर्नियर, कोनमापक सगळं मांडून विचारलं.

"मापं कुठली? बापानं मला बसवलं आन् वाकवलं."

"म्हणजे ड्रॉइंग नाही."

"मी हाय की."

साहेबांनी व्हर्नियर उघडला आणि परत मिटून ठेवला. ड्रॉइंगशिवाय एखादी गोष्ट करायची म्हणजे चूक कशी ओळखायची, हा त्यांचा खरा प्रश्न होता. नाकारायला आधी काहीतरी बरोबर असावं लागतं.

मग ते म्हणाले, "बसा वर. डोळे मिटा. क्लच टाकायचाय असं समजा. हात न्या."

तिने डोळे मिटले. हात डावीकडे गेला आणि हवेत थांबला. साहेबांनी चटकन तिथे एक बांबूची काठी उभी धरली, मी खाली सुतळीने बांधली, आणि मुठीच्या जागी खडूची खूण केली.

"परत."

हात परत गेला. खुणेवरच.

"परत. यावेळी आधी डोक्याला हात लावा, मग न्या."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सहा वेळा. सहा खुणा आगपेटीच्या रुंदीत मावल्या. साडेचार वर्षांत तिने त्या दांड्याला हात लावला नव्हता. त्याआधी बारा वर्षं लावला होता.

साहेबांनी त्या सहा खुणा पट्टीने मोजल्या. मला म्हणाले, "आपल्या कारखान्यात असं मशिन एकही नाही." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी होती. चंद्रभागाला ती कळली नाही. ती म्हणाली, "डोळं उघडू का आता?"

दोन दिवस ती गर्ग्यांकडेच राहिली. अनसूयाबाईंनी तिला जाऊच दिलं नाही. स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि साहेब दर वेळी मान वर करून बघायचे. आपल्यावरच हसतायत, अशी त्यांना शंका होती. ती बरोबर होती.

फळीसाठी अनसूयाबाईंनी एक कडेला चिरलेला पाट दिला. साहेबांनी तो चार वेळा तासला. तासायचा, तिला बसवायचं, पाठीमागे उभं राहून दोन्ही खांदे एका पातळीत येतात का बघायचं. "आता?" "थोडं आजून." "आता?" "बापाचं याहून जाड व्हतं." "आता?" "आता बसल्यागत वाटतं."

दांड्याला पाण्याच्या पाइपाचा तुकडा घेतला, वाकवला, सळई जोडली. मूठ आली बरोबर खडूच्या खुणेवर. साहेबांनी इंजिन सुरू केलं. तिने उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं, डाव्या हाताने दांडा ओढला. क्लच सुटला. मग ती तशीच बसून राहिली.

"घाला ना गिअर," साहेब म्हणाले.

"कशानं? ह्यो हात सोडला तर दांडा म्होरं जातो. त्यो हात सोडला तर चाक फिरतं. तिसरा हात कुठून आणू?"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "खाच!"

उंदराने कुरतडलेली ती खाच. दांडा ओढून तिच्यात अडकवायचा, म्हणजे क्लच दाबलेलाच राहतो आणि हात गिअरसाठी मोकळा होतो. मग अंगठ्याने टिचकी मारून दांडा सोडवायचा. एवढी साधी युक्ती, आणि आम्हा दोघांची मिळून पंचावन्न वर्षांची नोकरी असून ती आमच्या डोक्यावरून गेली होती.

साहेबांनी पट्टी घेतली, आणि शिसपेन्सिलीने सुंदर काटकोनी खाच आखून कापली. दांडा तिच्यात अडकला तो निघेचना. कड गोल केली. आता तो आपोआप सुटायला लागला. ट्रॅक्टर एकदा तर कुंपणाच्या दिशेने निघालाच आणि मी मेंदीत पडलो. चंद्रभागाने हात पुढे केला. "आणा इकडं ती कानस."

तिने पट्टी मांडीवर धरली. एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी, मध्येच तिरकं, असं ती घासत गेली. दर चार घासांना दांडा अडकवून बघायची. साहेब शेजारी उभे होते. त्यांचे हात दोनदा पुढे आले आणि दोन्ही वेळा त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. अर्ध्या तासाने खाच झाली. वेडीवाकडी, पहिलीची सख्खी बहीण. दांडा 'टक्' करून बसला. तिने अंगठा लावला, 'टक्' करून सुटला. वीस वेळा बसवला, वीस वेळा सुटला. मी मोजत होतो.

"भिंग देऊ का?" मी साहेबांना विचारलं. अंमळ आगाऊपणाच केला.

"त्याने काय दिसणार आहे?" ते म्हणाले.

कोजागरीच्या सकाळी ती स्वतः ट्रॅक्टर चालवत गंगापूर रोडने गावाकडे निघाली. नऊवारीचा काष्टा, डाव्या हाताला दांडा, डाव्या पायाला नवा पट्टा. मागे टांग्यात साहेब, अनसूयाबाई आणि मी. रस्त्यावरची बस हळू झाली. कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर आला. ती कुणाकडे बघत नव्हती. टांगेवाला दोनदा म्हणाला, "घोडं दमवतीया बाई." 

बागेच्या बांधावर गोरक्ष आधीच येऊन उभा होता. धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. बटाईचा विडा उचलायलाच आला होता. शेजारी देवराम. दोघांनीही ट्रॅक्टरकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे बघणं टाळलं.

ती थांबली नाही. तशीच पहिल्या ओळीत शिरली. वेलींच्या काड्या तिच्या डोक्यावरून सरकत होत्या. मागे फाळ जमिनीत उतरला आणि साडेचार वर्षं तुडवून घट्ट झालेली माती उलटायला लागली. ओळीच्या टोकाला वळण अवघड होतं. खांब एका बाजूला, पाटाचं पाणी दुसऱ्या बाजूला. टक्, गिअर, टक्. ट्रॅक्टर वळला आणि दुसऱ्या ओळीतून आमच्याकडे यायला लागला. एकही फुटवा मोडला नव्हता. ते मी ओळीतून चालत जाऊन बघून आलो. सांगोवांगी नोंद मी करत नाही.

साहेब बांधावर उभे होते. पोपटी रंगाला चिखल लागला होता, माळेतले झेंडू ओळीत सांडत होते, आणि त्यांनी जीव ओतून मूळपदाला आणलेलं यंत्र आता पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते ट्रॅक्टरकडे बघतच नव्हते. ते तिच्या खांद्यांकडे बघत होते, दोन्ही एका पातळीत आहेत का ते.

"आक्के," देवरामने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "गोरक्ष विचारतोय, बटाईचं काय ठरलं?"

इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ती आमच्याजवळ आली, दांडा ओढून अडकवला, इंजिन चालूच ठेवलं.

"सोमवारपासून छाटणी," ती म्हणाली. "सात माणसं सांगून ठिव."

"सातांत व्हईल?"

"आठवा तू. पयल्या पाळीला घे म्हणावं साहेबांना, म्हंजी तीनला सुटशील, साडेतीनला हितं." मग ती गोरक्षकडे वळली. "गोरक्षभाऊ, आलाच हाय तर च्या घिऊन जा. आन् तुमचे बैल तेवढे बांधून घाला, बांधावरून आत येत्यात."

अंगठ्याने दांडा सोडवून ती तिसऱ्या ओळीत शिरली.